दक्षिणेकडे तोंड करून

दक्षिण ही दिशा आमच्या घरात कधी फारशी चांगली गणली गेली नाही. लहानपणी दक्षिणेकडे पाय करून झोपलो, तर आजी मध्यरात्रीसुद्धा उठवून गादी फिरवायला लावी. वर्षातून एकदाच त्या दिशेची आठवण व्हायची. धनत्रयोदशीला तिन्हीसांजेच्या वेळी कणकेचा एक दिवा दक्षिणेकडे तोंड करून उंबऱ्याबाहेर ठेवायचा. तोही यमराजाला! म्हणजे बाबा रे, हा दिवा घे आणि तिकडेच सुखाने राहा.

पुढे मी भूगोलाचा मास्तर झालो. दक्षिण अमेरिकेचा आमच्या शाळेतला नकाशा फार जुना होता. त्याची खालची दांडी केव्हातरी निसटली होती आणि तिच्याबरोबर खंडाचे टोकही फाटून गेले होते. मी उरलेल्या कापडावर छडी टेकवून सांगत असे, "आणि इथे, मुलांनो, जग संपते." तेहतीस वर्षे सांगितले. एकाही मुलाने उठून विचारले नाही, की सर, संपते म्हणजे काय होते?

त्या फाटलेल्या तुकड्यापासून साडेतीन तासांच्या विमानप्रवासावर आता आमची मुलगी राहते. ब्युनोस आयरेसच्या एका कचेरीत दोन वर्षांसाठी म्हणून ती २०१७ साली गेली. दोनाची चार झाली, मध्ये साथीची वर्षे आली, चाराची सहा झाली. 'केव्हा परतणार?' हा प्रश्न दर रविवारी फोनवर सौ. विचारी, आणि दर रविवारी तो इकडच्यातिकडच्या गोष्टींत विरघळून जाई. शेवटी २०२३ च्या दिवाळीला आम्हीच जाऊन धडकलो. चार दिवस झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, चला, तुमच्या नकाशाचा फाटलेला तुकडा दाखवते."

त्या तुकड्यावरच्या गावाचे नाव आपण इंग्रजीवरून उशुआया असे वाचतो. तिथले लोक 'उस्वाया' म्हणतात. विमान उतरू लागले आणि खिडकीतून बर्फाच्या शिखरांची रांग इतक्या जवळून सरकू लागली, की सौ.नी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. ती संपायच्या आत चाके जमिनीला लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बीगल खाडीचे शिसवी रंगाचे पाणी, आणि मधल्या उतारावर पत्र्याच्या रंगीबेरंगी छपरांचे गाव. छपरे उतरती, रस्तेही उतरते. महाबळेश्वर उचलून समुद्राच्या काठावर आणून ठेवावे आणि वर पिठीसाखर भुरभुरावी, तसे काहीसे.

मास्तरकीची खोड जात नाही म्हणून थोडा हिशेब सांगतो. हे गाव दक्षिण अक्षांश ५४ अंश ४८ मिनिटांवर आहे. आफ्रिका खंड ३५ अंशांच्या आतच आटोपते. उत्तरेला एवढ्याच अक्षांशावर इंग्लंडातले न्यूकॅसल येते. पण तिथे शेजारीपाजारी माणसे, शेते, शहरे आहेत. दक्षिण गोलार्धात या रेषेवरून बोट फिरवत गेले तर सगळे पाणीच पाणी. मधे आडवे यायला काही नाही म्हणून वारा जो सुटतो, तो थेट इथल्या झाडांवर आदळतो. उघड्यावरची झाडे एकाच बाजूला फांद्या टाकून, कायमची कंबरेत वाकलेली उभी आहेत. 'ध्वजवृक्ष' म्हणतात त्यांना.

जगातले सर्वांत दक्षिणेचे शहर ही पदवी गावाने दुकानांच्या पाट्यांपासून चॉकलेटच्या डब्यांपर्यंत सगळीकडे छापून ठेवली आहे. गंमत अशी, की खाडीपलीकडच्या नावारीनो बेटावर चिलीचे पुएर्तो विल्यम्स म्हणून छोटे गाव आहे. ते याहूनही दक्षिणेला. चिलीने २०१९ साली त्याला 'शहर' ठरवून टाकले आणि पदवीचा तंटा उभा राहिला. उस्वायाच्या माणसाजवळ हा विषय काढू नये. मी काढला. टॅक्सीवाल्याने उरलेला सगळा रस्ता मौन पाळले.

आम्ही उतरलो ते एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीणबाई राहत. साठीच्या, ठेंगण्या, बोलक्या. त्यांचे बोलणे आम्हाला कळत नसे आणि आमचे त्यांना. मुलगी मध्ये बसून दोन्हीकडचे पोहोचवी. पहिल्याच सकाळी बाईंनी 'माते'चा तुंबा पुढे केला. ही तिथली कडवट पानांची ऊनऊन चहासारखी वस्तू. एकच तुंबा, त्यात एकच धातूची नळी, आणि ती सगळ्यांनी आळीपाळीने ओढायची. सौ.चा चेहरा पाहण्यासारखा झाला. उष्टे! पण बाईंनी दोन्ही हातांनी, हसून पुढे केलेले. सौ.नी माझ्याकडे पाहिले, देवाचे नाव घेतले आणि ओढले. त्या दोघींचे तिथून जे जमले, त्याला मग दुभाष्याची गरज लागली नाही.

जेवणाची मला चिंता होती, कारण या गावाची कीर्ती दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे 'सेंतोशा' हा हातभर तंगड्यांचा खेकडा, आणि दुसरी म्हणजे निखाऱ्यांभोवती उभे करून भाजलेले कोकरू. मी कोकणातला, त्यामुळे खेकड्याशी माझे शत्रुत्व नाही. सौ. शुद्ध शाकाहारी. पण पहिल्याच खानावळीत ताटात काय आले म्हणता? करंज्या! कडांना अगदी आपल्यासारखी मुरड घातलेल्या. तिथे त्यांना 'एम्पानादा' म्हणतात. आत मक्याचे दाणे आणि चीज. "दिवाळीत करंजी मिळाली, आता माझी तक्रार नाही," असे सौ. म्हणाल्या आणि चार दिवस त्याच खात राहिल्या. बिल द्यायची वेळ आली, की मुलगी नोटांचे पुडके काढी. महागाई त्या वर्षी शंभर टक्क्यांच्या वर गेली होती. तिघांच्या जेवणाचे पैसे मोजायला जेवणाएवढाच वेळ लागे.

दुसरा दिवस आम्ही तुरुंगात काढला. म्हणजे आता तिथे संग्रहालय आहे. हे गाव मुळात उभे राहिले ते दोन कारणांनी. आधी १८७० च्या सुमारास इंग्रज मिशनरी आले, मग १२ ऑक्टोबर १८८४ ला अर्जेंटिनाचे निशाण लागले. पण या ओसाड टोकाला राहायला यावे कोणी? सरकारने उपाय काढला. कैदी पाठवले. १९०२ पासून कैद्यांनी स्वतःचाच तुरुंग स्वतः बांधला. मधल्या चौकातून पंख्याच्या पात्यांसारख्या निघालेल्या पाच इमारती आणि ३८० कोठड्या. आपल्याकडच्या माणसाला ते पाहताच अंदमान आठवल्यावाचून राहत नाही. तीच पाती, तोच मधला बुरूज, बाहेर तेच पाणी. फक्त इथे थंड. सीमॉन रादोवित्स्की नावाच्या कोवळ्या पोराने १९०९ साली पोलीसप्रमुखावर बाँब टाकला, तो इथे आला. १९१८ मध्ये पळाला, पकडला गेला, आणि सुटला १९३० साली. तुरुंग १९४७ ला बंद झाला.

एक इमारत दुरुस्त न करता जशीच्या तशी ठेवली आहे. दिवे नाहीत, ऊब नाही. भिंतींचे पोपडे निघालेले. आम्ही आत गेलो आणि कोणी काही न बोलता बाहेर आलो. बाहेर आल्यावर मुलीने आईच्या अंगावरची शाल नीट केली. मला उगाच वाटले, हिला काही सांगायचे आहे.

कैदी रोज रानात लाकूडतोडीला जात, ती आगगाडी १९९४ पासून पर्यटकांसाठी पुन्हा धावते. रुळांतले अंतर जेमतेम पन्नास सेंटिमीटर. माथेरानची गाडी तिच्यापुढे दांडगी म्हणायची. डबे मात्र काचेचे, उबदार, आत चहा. बाहेर मैलोगणती झाडांचे बुंधे उभे आहेत. शंभर वर्षांत कुजलेसुद्धा नाहीत, इतकी इथली थंडी. काही बुंधे गुडघाभर, काही छातीएवढे. असे का, म्हणून मी विचारले. उत्तर मिळाले, की उन्हाळ्यात झाड बुडाशी तोडता येई. हिवाळ्यात बर्फ जिथवर, त्याच्या वरून तोडावे लागे. बुंध्याची उंची म्हणजे त्या दिवशी कैद्याच्या पायांखाली किती बर्फ होते, त्याची नोंद. सबंध भूगोलाच्या पुस्तकात हिमवर्षावाचा इतका चांगला तक्ता मी पाहिला नव्हता.

बीगल खाडीत होडीतून फिरल्याशिवाय इथे येणे पुरे होत नाही. धक्क्यावरून निघालो तेव्हा ऊन होते. पंधरा मिनिटांत पाऊस आला, मग गारा, मग पुन्हा ऊन. वाटेत एका खडकावर काळीपांढरी पाखरे दाटीने उभी दिसली आणि सौ. ओरडल्या, "पेंग्विन!" होडीतल्या निम्म्या लोकांनी आपापल्या भाषेत तेच ओरडून घेतले. इतक्यात त्यातला एक पेंग्विन उडाला. ते पाणकावळे होते! खरे पेंग्विन पाहायला आणखी पूर्वेला मार्तिशो बेटाकडे जावे लागते. पुढच्या खडकावर समुद्रसिंह एकमेकांच्या अंगावर लोळत पडले होते. वास फार. मुंबईच्या ससून डॉकचा अनुभव असल्यामुळे आम्ही तेवढे नाके न दाबता उभे राहिलो.

मग येतो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, विटांचा, एकटा उभा लेझेक्लेरर दीपस्तंभ. १९२० पासून तो जळतो आहे. ज्यूल व्हर्नच्या 'जगाच्या टोकावरचा दीपस्तंभ' या कादंबरीतला तो हाच, असे सांगून पुष्कळजण फोटो काढतात. ते खोटे आहे. कादंबरीतला दीपस्तंभ इथून खूप पूर्वेला, एस्तादोस बेटावर १८८४ साली उभारलेला. पण या दीपस्तंभाजवळ जे खरेच घडले, ते कादंबरीपेक्षा कमी नाही. जानेवारी १९३० मध्ये 'मोंते सेर्वांतेस' हे जर्मन प्रवासी जहाज इथल्या खडकांवर आपटले. जहाजावर दीड हजारांच्या आसपास माणसे. कप्तान तेवढा गेला, बाकी सगळी वाचली. आणि ती सगळी येऊन उतरली कुठे? आठशे वस्तीच्या या गावात! घरात माणसे चार आणि पाहुणे आठ. गावाने घरे उघडली, तुरुंगाने अन्न पुरवले, आणि दुसरे जहाज येईपर्यंत या सगळ्यांना सांभाळले. लग्नघरातली गृहिणीच याची थोरवी जाणेल. सौ.नी लगेच विचारले, "अंथरुणे कुठून आणली असतील हो?"

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मर्दुमकीची हौस फिटली. गावाबाहेर 'पाचूचे तळे' आहे, तिकडे पायवाटेने चालत जायचे ठरले. सौ. घरमालकीणबाईंबरोबर राहिल्या. लेंगा झाडांना नुकती पालवी फुटत होती, कारण आपल्या दिवाळीत त्यांचा वसंत. रान संपून पाणथळ लागले. वरून लाल-पिवळ्या शेवाळाचा गालिचा आणि खाली अथांग चिखल. मुलगी दगडावरून दगडावर गेली. मी वयाचा मान राखून सरळ गेलो आणि गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, बूट राहिला. मुलीने पालथे पडून, हात कोपरापर्यंत घालून तो काढला. लहानपणी चौपाटीवर हिचे बूट मी असेच शोधून काढीत असे. दोघेही हसलो, हसताना ती एकदम थांबली आणि काठाकडे बोट दाखवून बीव्हरांची गोष्ट सांगू लागली. १९४६ साली कातड्याच्या व्यापारासाठी कॅनडातून काही जोड्या आणून सोडल्या. आज ती संख्या लाखाच्या घरात गेली असावी असे म्हणतात. ते धरणे बांधतात आणि ही झाडे पाण्यात उभी मरतात. पांढरेफटक सांगाडे लांबवर दिसत होते. बीव्हराला तरी काय ठाऊक, की हे आपले गाव नव्हे?

त्याच दुपारी लापाताइयाला गेलो. अर्जेंटिनाचा तिसरा राष्ट्रीय हमरस्ता तिथे खाडीच्या काठावर येऊन संपतो. लाकडी पाटी आहे: ब्युनोस आयरेस ३,०७९ किलोमीटर, अलास्का १७,८४८ किलोमीटर. फोटोसाठी रांग होती. आमची पाळी आली तेव्हा मी छडी धरल्यासारखे बोट पाटीला लावून म्हटले, "इथे जग संपते." सौ. हसल्या. मुलगी हसली नाही.

पाटीपासून थोड्या अंतरावर हिरव्या गवताची गोल गोल वर्तुळे आहेत. कडा उंच, मध्ये खोलगट, थेट मोठ्या परातीसारखी. त्या परातींशी मी बराच वेळ उभा राहिलो, कारण हे पुस्तकात वाचले होते. या खाड्यांतून यामाना, म्हणजेच यागान लोक हजारो वर्षे होड्यांतून फिरत. या कडाक्याच्या थंडीत अंगावर फारसे कपडे नाहीत. सील माशाची चरबी चोपडायची आणि होडीत मातीच्या थरावर विस्तव जिवंत ठेवायचा. १५२० मध्ये मॅगेलनला किनाऱ्यावर जे जाळ दिसले, त्यांवरून या मुलखाला 'आगीची भूमी' हे नाव पडले. होडी वल्हवायच्या बायका, आणि बर्फासारख्या पाण्यात बुडी मारून शिंपले काढायच्याही बायकाच. झोपडीत बसून शिंपले खायचे आणि टरफले दाराबाहेर टाकायची. त्याच टरफलांचे ढीग साचत साचत या कडा झाल्या. म्हणजे आमच्यापुढे होते ते हजारो वर्षांचे स्वयंपाकघर.

डार्विन १८३३ साली या खाडीत आला आणि या लोकांना फार हिणवून गेला. त्यांच्या बोलीला त्याने भाषाही म्हणू नये. पुढे टॉमस ब्रिजेस या मिशनऱ्याने त्याच बोलीचा शब्दकोश करायला घेतला, तो बत्तीस हजार शब्दांच्या वर गेला. कोश वाढत गेला आणि बोलणारे रोगांच्या साथींत मरत गेले. ही भाषा आईच्या तोंडून शिकलेली शेवटची बाई, क्रिस्तिना काल्देरोन, पलीकडच्या नावारीनो बेटावर राहत. त्यांनी नातीबरोबर बसून शब्द आणि गोष्टी लिहवून ठेवल्या. १६ फेब्रुवारी २०२२ ला, ९३ व्या वर्षी, त्या गेल्या. म्हणजे आम्ही गेलो त्याच्या पावणेदोन वर्षे आधी.

हे सगळे मी सौ.ना सांगत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना कुठे ठाऊक होतं की इथं जग संपतं? त्यांचं तर इथंच सुरू होत होतं."

मी म्हटले, "बरोबर आहे."

मग तिने सांगितले. कायमची नोकरी घेतली होती. घर पाहून ठेवले होते. दोन महिने फोनवर सांगायचे सांगायचे म्हणून राहून गेले होते. "रागावू नका," असे ती आईकडे पाहून बोलली, पण ते होते मला.

मी रागावलो. खोटे कशाला सांगू? वाऱ्यात ओरडून बोलावे लागत होते, त्यामुळे राग होता त्याहून मोठा दिसला. "इतक्या लांब!" असे मी तीनदा म्हटले. तिसऱ्या वेळी तिने शांतपणे विचारले, "कुठून, बाबा?" मी पाटीकडे पाहिले. पाटीवर दादरचे अंतर नव्हते. परतीच्या मोटारीत आम्ही टॅक्सीवाल्याइतकेच गप्प होतो.

त्या दिवशी धनत्रयोदशी होती. सौ.नी मुंबईहूनच कणीक, हळद, वाती आणि तिळाच्या तेलाची बाटली आणली होती. मी खिडकीशी बसून राहिलो. त्या स्वयंपाकघरात कणीक मळीत होत्या आणि शेजारी घरमालकीणबाई बसल्या होत्या. मुलीने त्यांना दुपारचे सांगितले असावे. त्या आपली हकिगत सांगू लागल्या. उत्तरेकडच्या उष्ण मुलखातल्या त्या. १९७२ च्या कायद्याने या प्रांताला करमाफी मिळाली आणि दूरचित्रवाणी संच जोडणारे कारखाने निघाले. पाच-सहा हजारांचे गाव वाढत आता ८० हजारांच्या आसपास पोहोचले. अशा एका कारखान्यात त्या विशीत आल्या. आईने तेव्हा मोटारस्थानकावर रडून गोंधळ घातला होता, की पोर जगाच्या टोकाला चालली. "मग?" सौ.नी विचारले. बाई म्हणाल्या, "मग चार वर्षांनी तीच राहायला आली. इथल्या वाऱ्याला रोज शिव्या द्यायची. आणि उत्तरेत गेली की इथल्या थंडीची आठवण काढायची."

दिवा तयार झाला, पण तिन्हीसांज होईना. सात वाजले, आठ वाजले, ऊन तसेच. नोव्हेंबरात इथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. सौ. दर दहा मिनिटांनी बाहेर डोकावून येत. "याला काही काळवेळ आहे की नाही?" असे सूर्यालाच विचारत. एकदाचा नऊच्या पुढे डोंगराआड उजेड तांबूस झाला आणि आम्ही दारात गेलो. वाऱ्यात वात टिकेना. बाईंनी घरातून रिकामी काचेची बरणी आणून दिली. कालाफातेच्या मुरंब्याची. हे फळ ज्याने खाल्ले तो इथे परत येतो, अशी तिकडे म्हण आहे, सौ.नी चार दिवसांत ती बरणी संपवली होती. दिवा बरणीत बसवला, बरणी आडवी ठेवली.

तोंड दक्षिणेकडे करायचे होते. मावळतीचा उजेड उजव्या हाताला घेतला, की समोर दक्षिण. एवढे तर आम्ही चौथीच्या मुलांना शिकवतो. मी तसे केले.

"बाबा, तिकडे नाही," मुलगी मागून म्हणाली.

मी वळून पाहिले.

"या दिवसांत इथं सूर्य पश्चिमेला मावळत नाही. बराच दक्षिणेकडे सरकून मावळतो. दक्षिण इकडे." ती खाली बसली आणि तिने बरणी हलकेच माझ्याकडून फिरवली. समोर खाडी होती, पलीकडे बेटांचे काळे डोंगर, त्यांच्या माथ्यावर अजून उजेड.

सौ.नी हळदकुंकू वाहिले, हात जोडले. मग मुलीला विचारले, "त्या डोंगरांपलीकडं कुणी राहतं का गं?"

"राहतात की. इथून दिसत नाही, पण गाव आहे."

"मग बरं झालं," सौ. म्हणाल्या आणि त्यांनी वात थोडी मोठी केली.